नमूचे तीन नकाशे

नमू, तुझ्या साहेबांनी तुला फसवलं, आणि तू मला फसवलंस.

या दोन्ही गोष्टी मला परवा एकाच दुपारी, तुझ्याच खुर्चीत बसून कळल्या. पहिलीने डोकं फिरलं. दुसरीने काय झालं ते ओघात सांगतो, कारण मी लगेच सुरू झालो तर तू म्हणशील, "दादा, सुरुवातीपासून. तू नेहमी शेवटापासून भांडायला लागतोस."

तर सुरुवातीपासून. इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी अंकासाठी मजकूर मागायला आले होते. त्यांना तुझा जन्म, तुझ्या पदव्या, तुझे परदेश दौरे हवे होते. मी म्हटलं, ते तुमच्याकडे छापील आहे, तेच लावा. मी माझ्या बहिणीशी बोलणार आहे. आमचं भांडण अर्धवट राहिलंय.

गेल्या उन्हाळ्यात तू आजार आणि संगणक दोन्ही घेऊन झाशीला आलीस. तुझ्या वहिनीनं, मंगलनं, वरच्या खोलीत कूलर लावला, खिडकीला खसाचे पडदे लावले. मी जुने जनरेटर आणि मोटारी लिलावात उचलून, दुरुस्त करून विकतो. हा धंदा मी आपले अण्णा कामाला होते त्या कारखान्याच्या गेटाबाहेर भंगाराच्या ढिगापाशी उभा राहून शिकलो. तू पुस्तकं घेऊन पुढे गेलीस, मी ढिगापाशी राहिलो आणि ढीग विकत घ्यायला लागलो. पण खोलीत आल्या आल्या तू मला जे विचारलंस ते माझ्या शाखेचं निघालं. "दादा, इथे लाइट किती जाते? माझा रन मधे तुटला तर सगळं पुन्हा करावं लागतं." मी म्हटलं, "झाशीची जाईल. माझ्या घरची जाणार नाही." दुकानातला सगळ्यात चांगला जनरेटर मागच्या अंगणात आणून बसवला. गिऱ्हाइकाला सांगितलं, तो विकायचा नाही. मंगल माझ्याकडे बघतच राहिली. दुकानातली कुठली वस्तू विकायची नाही हे वाक्य तिनं माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं होतं.

मग मी विचारलं, एवढा रन रन करतेस, पळतंय कोण?

तू सांगितलंस. कारखान्यांच्या आणि वीजघरांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा, दाबून दाट करायचा आणि जमिनीखाली किलोमीटरभर खोल, खाऱ्या पाण्यानं भरलेल्या वाळूच्या दगडात सोडायचा. तो तिथे राहील का, कुठवर पसरेल, किती मावेल, हे जमिनीला भोक पाडण्याआधी संगणकावर करून बघायचं. ते बघणारी तू, आणि संगणकाचा असा एकेक हिशोब म्हणजे एक रन.

"ते पाणी कुणाचं?" मी विचारलं.

"कुणाचंच नाही. प्यायचं नाही, शेतीचं नाही. समुद्रापेक्षा खारट."

"मतलब जगातलं सगळ्यात मोठं गोदाम पडून आहे, आणि भाडं मागायला कुणी येत नाही!"

"गोदाम नको म्हणूस दादा, गोदाम पोकळ असतं. हा दगड आहे. वाळूचे दाणे, आणि दाण्यांमधल्या फटी."

पण मी ऐकत नव्हतो. नमू, मी त्या दिवशी दुकानच उघडलं नाही. आयुष्यभर मी लोकांचा नकोसा माल ठेवायला जागा शोधत फिरलो, आणि माझी बहीण अख्ख्या देशाचा नकोसा माल पुरायला निघालेली! मी तर मनात पंपांची ऑर्डरसुद्धा घेऊन टाकली. मग विचारलं, झाशीखाली किती मावेल?

"काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे?"

"झाशीखाली ग्रॅनाइट आहे. कडक. त्यात फटी नाहीत."

"फटी नाहीत कशा? टहरौलीच्या शेतात बोअर मारतात, मोटारी मी विकतो. पाणी लागतं ना!"

"त्या भेगा. भेगेत ठेवलेलं भेगेतून वर येतं."

"अर्धं धर. बबीना ते मऊरानीपूर, निम्म्या भावात."

तू टेबलावर डोकं ठेवून हसलीस. "दादा, दगडाशी घासाघीस होत नाही रे!" मला राग आला. बुंदेलखंडाला देवानं दगड दिला आणि दगडही उपयोगाचा दिला नाही, हे मला अजून पटलेलं नाही. तुझा खारा थर गंगेच्या मैदानाखाली, आपल्यापासून लांब. तिथे काय पुण्य होतं कोण जाणे.

त्याच आठवड्यात मंगल फुलके करत होती आणि तू ताटावर बसून एकदम ओरडलीस, "वहिनी, थांब! हा फुलका दादाला दाखव." फुलका चांगला टम्म फुगलेला. तू म्हणालीस, वायू खाऱ्या पाण्यापेक्षा हलका, म्हणून तो वर चढतो. वर घट्ट चिकणमातीच्या दगडाचा पापुद्रा असतो, त्याला अडतो आणि त्याच्याखाली पसरतो. हा पापुद्रा जागेवर आहे तोवर सगळं जागेवर. मग तू चिमट्याचं टोक त्या पापुद्र्याला लावलंस. फुस्स! फुलका बसला. "आणि ही कुणीतरी मारून विसरलेली जुनी विहीर." मंगल म्हणाली, "आणि हा आता कोण खाणार?" तो मी खाल्ला. खाताना तोंडानं वायू, पापुद्रा, विहीर असं चाललेलं. मंगलनं पुढचे कितीतरी दिवस फुलका वाढताना "जुनी विहीर हवी की नवी?" असं विचारलं.

तू खाली दुकानात येऊन बसायचीस ते मला आवडायचं, पण मी ते बोललो नाही. गरौठ्याचे कक्का मोटार बदलायला आले होते, त्यांनी विचारलं ही कोण. मी म्हटलं बहीण, जमिनीत गॅस भरते. कक्का तुझ्याकडे वळले. "काय बिन्नू, धरती के पेट में गैस भर देहो, तो ऊखों अफरा नईं हुइए?" धरतीचं पोट फुगणार नाही का, असं विचारत होते ते. मला वाटलं तू हसशील. तू खुर्ची पुढे ओढलीस. "हुइए कक्का, जादा भरहें तो हुइए. बोई तो देख रए." जास्त भरलं तर फुगेलच, तेच तर बघतोय, असं. कक्कांनी विचार केला आणि म्हणाले, "तो थोरी-थोरी दइयो." तू मला म्हणालीस, बघ, माझी अख्खी बैठक यांनी उरकली. पण मोटारीच्या भावात मात्र कक्कांनी माझ्याशी थोरी-थोरी काही केलं नाही, हे तू पाहिलंसच.

आता त्या बोटांबद्दल. नमू, ते मी लिहिलं नाही तर मला झोप लागणार नाही.

तू सांगितलं होतंस की वर अडकलेला वायू हळूहळू त्या खाऱ्या पाण्यात विरघळतो. विरघळला की ते पाणी जड होतं. जड झालं की खाली बसायला लागतं, आणि ते सरळ बसत नाही, बोटं फुटल्यासारखं खाली उतरतं. एकदा ते उतरायला लागलं की वायू वर येण्याची भीती कमी कमी होत जाते. पुढे हजारो वर्षांनी त्यातला काही दगडच होतो. मी म्हटलं, "लोणच्यासारखं. जितकं जुनं तितकं मुरलेलं." तू म्हणालीस, "दादा, पहिल्यांदा बरोबर बोललास." पण ती बोटं तुझ्या चित्रात दिसतच नव्हती. तू जमिनीचे खोके खोके करून संगणकाला दिले होतेस, आणि खोके मोठे असले की बोटांचा नुसता फिकट डाग होतो. म्हणून तू एका तुकड्याचे खोके बारीक करत बसलीस. तब्येतीपेक्षा त्या खोक्यांची काळजी जास्त. मंगल सूप घेऊन वर जायची आणि गार झालेलं खाली आणायची.

आणि मग भर दुपारी, मी एका मोटारीच्या वेटोळ्यांवर वाकलेलो असताना, वरून तुझा आवाज आला. "दादा! दादा, ये! उतरली!"

मला वाटलं तुला काहीतरी झालं. मी जिना कसा चढलो ठाऊक नाही. मंगल माझ्या मागून, हाताला कणीक. आणि तू पडद्याकडे बोट दाखवत उभी. उभी, नमू! कितीतरी दिवस तू धरल्याशिवाय उठत नव्हतीस. पडद्यावर वर लाल पट्टा, आणि त्याच्याखालून निळ्यात बारीक लालसर बोटं उतरत होती. एक उतरायचं, शेजारच्याला मिळायचं, जाड व्हायचं, पुन्हा उतरायचं. मुळं सुटतात तशी. "हे आहे दादा! असंच होतं खाली, कुणी बघायला नसतं!" मंगलनं कणकेच्या हातानं तुझा दंड धरला. मी विचारलं, "हे चित्र विकत मिळतं का?" तू म्हणालीस, "तुला फुकट." मी फुकटची वस्तू घेत नाही हे तुला माहीत होतं. तुझ्या पडद्यावर ते चित्र अजून तसंच आहे. मी घेतलं ते.

हा आनंद मी कुणाला सांगू? बाजारात सांगितलं तर म्हणतात, भैया, बहन के जाने का सदमा है. सदमा कसला? मी आनंदात आहे! मी पाहिलंय जमिनीखाली काय होतं ते!

पण आपलं भांडण त्यावरून नव्हतंच. भांडण झालं ते पाण्यावरून.

तू मला मोठा नकाशा दाखवत होतीस. मधे विहीर, तिच्यातून वायू आत जातोय, लाल डाग वाढतोय. मी विचारलं, हा डाग जिथे आलाय तिथे आधी काय होतं? तू म्हणालीस, खारं पाणी. मी म्हटलं, "जागा रिकामी नव्हती?"

"नाही. काठोकाठ भरलेली."

"मग पाणी कुठे गेलं?"

तू इतकी हसायला लागलीस की ठसका लागला. मी पाणी दिलं, तू प्यालीस, माझ्याकडे पाहिलंस आणि पुन्हा हसलीस. नमू, मला लाज वाटली आणि लाज वाटली की मला संताप येतो. शाळा सोडलेल्या माणसाला शिकलेल्यानं हसावं, आणि तेही बहिणीनं! मी खाली निघून गेलो. बरेच दिवस वर आलो नाही, जनरेटरचं डिझेल भरायला तेवढा अंगणात यायचो. तू खिडकीतून म्हणायचीस, "दादा, मी तुला हसले नाही रे." मी म्हणायचो, "खोलीत दुसरं कोण होतं?"

शेवटी तूच मला छावणीच्या रस्त्यावर फिरायला काढलंस. संध्याकाळी तिथे शांत असतं, झाडं दाट, तुला दम लागला तर थांबायला सावली. तू समजावत होतीस. पाणी थोडं दाबलं जातं, दगड थोडा ताणतो, आणि उरलेलं बाजूला सरकतं. मी म्हटलं, बाजूला म्हणजे शेजाऱ्याकडे. शेजाऱ्यानं भिंत घातली असेल तर? तू म्हणालीस, हाच तर खरा प्रश्न. थराची कड उघडी धरली तर पाणी वाट काढतं, दाब चढत नाही, आणि वायू भरपूर मावतो. कड बंद धरली तर दाब चढत जातो आणि लवकर थांबावं लागतं. नाहीतर पापुद्रा फाटेल, किंवा खारं पाणी जुन्या विहिरीतून वर चढून लोकांच्या गोड्या पाण्यात मिसळेल.

"मग खरी कड कशी आहे?"

"तिथे पुरेशा विहिरी मारून दाब मोजल्याशिवाय कुणालाच माहीत नाही."

"माहीत नाही आणि नकाशा काढलास!"

"माहीत नाही म्हणून तीन काढले. एक कड बंद, एक अर्धवट, एक उघडी."

मी जागीच थांबलो. "ही तर कपड्याच्या दुकानदाराची युक्ती! एक साडी महाग, एक फडतूस, म्हणजे गिऱ्हाईक मधली घेतं. तुला मधली विकायचीय!"

"मला एकही विकायची नाही! मला तिन्ही एकत्र दाखवायच्यात!"

"एकत्र दाखवून कुणी माल विकतं?"

"मी माल विकत नाही दादा, मी—"

एवढ्यात पहाऱ्यावरचा जवान आला. "भैया जी, यहाँ खड़े मत रहिए, आगे चलिए." तू त्याला म्हणालीस, "इनको पानी की निकासी समझा रही हूँ." तो गंभीरपणे म्हणाला, "निकासी के लिए बोर्ड ऑफिस जाइए, मैडम. सुबह खुलता है." आपण कोपऱ्यापर्यंत कसंबसं चाललो आणि मग हसून हसून झाडाला टेकलो. भांडण तिथेच राहिलं. मी म्हणत होतो, बंद कडेचा नकाशा तेवढा दाखव. भिंत नाही हे जोवर कुणी दाखवत नाही तोवर भिंत आहे, असंच धरायचं. तू म्हणत होतीस, एवढं घाबरून हिशोब केला तर काम सुरूच होणार नाही आणि धूर वर जातच राहील. मला अजून वाटतं माझं बरोबर. तुझं काय उत्तर होतं? जवानानं तुला बोलू दिलं नाही.

पण एक गोष्ट मी माझ्या कानांनी ऐकली, आणि ती मी झाशीतल्या प्रत्येक माणसासमोर पुन्हा सांगायला तयार आहे.

मी तुझ्या खोलीत इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालत होतो. तुझ्या संस्थेच्या साहेबांचा फोन आला. तुला हातात धरवत नव्हता म्हणून तू तो स्पीकरवर ठेवलास. ते म्हणत होते, वरच्या लोकांना दाखवायचंय, एक स्वच्छ चित्र हवं, तीन चित्रांनी माणसं गोंधळतात. तू म्हणालीस, "सर, तीनों साथ जाएँगे. नहीं तो मेरा नाम हटा दीजिए." आवाज बारीक होता, पण भाव पक्का होता. मी बॅटरीपाशी बसल्या बसल्या म्हटलं, शाब्बास! सौदा कसा करावा हे तू माझ्याकडून शिकली होतीस, मग पदवी कुणाचीही असो. आणि साहेब म्हणाले, "बिल्कुल, नमिता. तीनों साथ. मेरा वादा."

माझा वादा. हे त्यांचे शब्द.

त्यानंतर तू फार दिवस राहिली नाहीस. त्या सकाळचं मी इथे लिहिणार नाही. जनरेटर चालू होता आणि मला तो बंद करायचं सुचलं नाही, एवढंच. मंगलनं केला.

परवा तुझ्या संस्थेनं श्रद्धांजलीची सभा ठेवली, पडद्यावरची. मंगलनं तुझ्या खुर्चीवर स्वच्छ चादर टाकली, मी बसलो, ती शेजारी स्टुलावर. लोक चांगलं बोलले. साहेबही चांगलं बोलले, मी नाही म्हणत नाही. मग ते म्हणाले, नमिताजींनी जाण्यापूर्वी देशाला एक देणगी दिली, त्यांचं शेवटचं काम, ते वरपर्यंत पोहोचलंय आणि सगळे खूश आहेत. आणि पडद्यावर नकाशा आला. एक नकाशा.

मी कड पाहिली. मला नकाशातलं दुसरं काही वाचता येत नाही, पण कड वाचता येते, तू शिकवलीस. कडेला बाहेर जाणारे बारीक बाण, आणि दाबाचा रंग सगळीकडे फिका निळा. उघड्या कडेचा नकाशा! बंद कडेचा असता तर भिंतीपर्यंत नारिंगी चढलेलं दिसलं असतं. खाली तुझं नाव, मोठ्या अक्षरात. बाकीचे दोन नाहीत. "तीनपैकी एक" असंही कुठे लिहिलेलं नाही. जणू तू हे एकच सांगून गेलीस.

मी बटण दाबून बोलायला लागलो. "साहब, ये तीन में से सबसे बड़ा वाला है! बाकी दो कहाँ हैं? कड बंद रखो तो पानी कहाँ गया? आपने वादा किया था!" मी बोलत होतो आणि पडद्यावरची माणसं मान हलवत होती. मला वाटलं पटतंय त्यांना. मग साहेब म्हणाले, परिवार भावुक है, स्वाभाविक है, हम आगे बढ़ते हैं.

मंगल म्हणाली, "अहो, त्यांनी तुमचा आवाज बंद केलाय."

"केव्हा?"

"'पानी कहाँ' पाशी."

मी तरी ओरडतच होतो. ती म्हणाली, "काचेवर ओरडून काय होणार? उद्या छापून ओरडा." हे तिचं वाक्य. म्हणूनच सेक्रेटरींना मी हो म्हटलं.

सभा संपली आणि फोन वाजला. तुझ्या हाताखाली काम करणारी शुभ्रा. रडत होती. म्हणाली, "अंकल, आपकी बात आधी ही आई, पर हम सब समझ गए. बाकी दो रन मेरे पास हैं. मैं बोलूँगी, चाहे जो हो." मी म्हटलं, बेटा, आधी मला बोलू दे, माझी नोकरी कुणी घेऊ शकत नाही. मग ती म्हणाली, "अंकल, आप ही दादा हैं ना? दादा वाले दादा?"

मला कळेना. ती सांगायला लागली. तुमच्या इथे प्रत्येक रनला नाव असतं. बंद कडेचा जो असतो, चारी बाजूंनी भिंत, एक थेंब बाहेर जाऊ द्यायचा नाही, तो सगळ्यात कडक रन, त्याचं नाव "दादा". कुठलाही थर असो, कुठलंही राज्य असो. तुमच्याकडे म्हणतात, दादा में पास हुआ क्या? दादा को दिखाया क्या? मी विचारलं, हे कधीपासून? मला वाटलं गेल्या उन्हाळ्यापासून, माझ्या प्रश्नानंतर. ती म्हणाली, "नहीं अंकल, मैं नई-नई आई थी, तब भी यही नाम था. मैडम ने पहले दिन समझाया था, दादा किसी को एक पैसा नहीं छोड़ते."

नमू!

म्हणजे मी तुझ्यासमोर उभा राहून "पाणी कुठे गेलं" विचारलं, तेव्हा तो प्रश्न वर्षानुवर्षं माझ्याच नावानं तुमच्या संगणकात चालत होता! म्हणून तू हसलीस! ठसका लागेपर्यंत! दादा स्वतःच दादा रन होऊन खोलीत आलेला, आणि मी अपमान झाला म्हणून जिना उतरून गेलो. खिडकीतून "मी तुला हसले नाही" म्हणायचीस, तेव्हा दोन शब्द जास्त बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? कशासाठी राखून ठेवलंस? छावणीच्या झाडाखाली सांगणार होतीस का? मी हरलोय असं समजत राहिलो, आणि तू मला आधीच तुझ्या प्रत्येक नकाशाच्या चारी भिंती करून ठेवलं होतंस. एवढा मोठा माल माझ्या नावावर, आणि मला पत्ता नाही. ही तुझी फसवणूक. हिच्यासाठी मी तुझ्याशी भांडणार होतो, पण फोन ठेवला आणि मंगल म्हणाली, "हसताय की रडताय?" मी तिला सारखं तेच सांगत होतो, चारी बाजूंनी मी आहे, चारी बाजूंनी! ती म्हणाली, "कळलं. पाणी प्या."

तुला हे सगळं किती खरं व्हायला हवं होतं ते मी पाहिलंय. धूर जमिनीत जावा, बोटं उतरावीत, मुरावीत. म्हणून तर तुला तिन्ही आकडे हवे होते. जो पहिल्याच झटक्यात सगळ्यात मोठा आकडा सांगतो त्याचा माल मी कधी उचलत नाही. उद्या कुणीतरी त्या एका नकाशावर भरवसा ठेवून विहीर मारेल. कड खरंच बंद निघाली तर दाब चढेल, आणि कुठल्यातरी गावच्या हापशाला खारट पाणी येईल. तेव्हा लोक नकाशा उलटून खालचं नाव वाचतील. तिथे साहेबांचं नाव नसेल. तुझं असेल, आणि तू उत्तर द्यायला नसशील. हे मी चालू देणार नाही.

साहेब, आता तुमच्याशी. ऑफिसात हिंदी बोलत असलात तरी तुम्ही मराठी आहात, नमूनंच सांगितलं होतं. तेव्हा हे वाचायला तुम्हाला कुणाची मदत लागणार नाही आणि समजलं नाही असंही म्हणता येणार नाही. मला तुमच्याकडून हार नको, तिच्या नावाचं पारितोषिक नको. सौदा तिनं ठरवला होता, तुम्ही हो म्हटलं होतं, मी बॅटरीपाशी बसून ऐकलं होतं. तिन्ही नकाशे एकत्र, जिथे एक गेलाय तिथे तिन्ही. नाहीतर तिचं नाव काढा आणि तुमचं घाला. यात मी काही सोडणार नाही, मी कोण आहे ते तुमच्या ऑफिसात कुणालाही विचारा. आवाज बंद करायचं बटण या वेळी तुमच्याकडे नाही. म्हणून सगळ्यांसमोर, तिच्या खुर्चीत बसून, पुन्हा विचारतो, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहीन: साहेब, पाणी कुठे गेलं?